काउंटरपलीकडून : भूतच नाही, मग घाबरलो कशाला?

मंडळी नमस्कार. गेल्या अंकात मी ‘मिसुमिसो’ या जपानी पिक्चरवर चार ओळी खरडल्या होत्या. २०१८ चा पिक्चर, शाळेत छळ झालेल्या पोरीनं घेतलेल्या बदल्याची गोष्ट. खाली सहज लिहिलं होतं की कुणाला काय विचारायचं असलं तर विचारा. मला वाटलं दोनचार जण विचारतील कुठं बघायला मिळतो म्हणून. कसलं काय, पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून एवढं साठलं की संपादकबाईंचा फोन आला, काका या वेळी परीक्षण बिरीक्षण काही नको, नुसती उत्तरंच द्या. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी काय समीक्षक वगैरे नाही. सांगलीत स्टँडजवळ माझी सीडी लायब्ररी होती २००१ ते २०१३, आता त्याच गाळ्यात मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकतो, पिक्चर बघायची खोड तेवढी राहिलीय. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं टाकतो.

काका, पिक्चर बघितला पण आमच्या ग्रुपमधे वाद पेटलाय. निम्मे म्हणतात हा हॉररच नाही, एकपण भूत नाही, नुसतं रक्त. आणि तो कॅमेरावाला पोरगा शेवटी तसा का निघाला ते कुणालाच झेपलं नाही.
— अकरावी सायन्स, मिरज

ज्यांनी बघितला नाही त्यांनी हे उत्तर सोडून पुढं जावा, मी सगळं सांगून टाकणार आहे.

भूत नाही हे खरं. हारुका नावाची पोरगी टोकियोवरून एका बर्फाळ खेड्यात येते, वडिलांच्या कामामुळं. आपल्याकडं बर्फ म्हणजे रसाच्या गाड्यावरचा, तिथं गुडघ्याएवढा, आणि सगळं इतकं पांढरं की माणूस चालत आला तरी आवाज होत नाही. शाळा बंद पडायच्या मार्गावर, ही शेवटचीच बॅच, म्हणून ही पोरगी मनाशी म्हणते थोडे दिवस तर राहिलेत, काढू सोसून. ते थोडे दिवस निघत नाहीत. पोरं तिच्या घराला आग लावतात, आईवडील जातात, बारकी बहीण भाजून दवाखान्यात. आणि मग तो लाल कोट घालून ती बर्फातून चालायला लागते.

आता हॉरर का ते सांगतो. त्या टोळीत सायामा नावाची एक अडखळत बोलणारी पोरगी आहे, आठवली का? हारुका यायच्या आधी तिचा नंबर होता. म्हणजे छळ बंद झाला नव्हता, फक्त माणूस बदललं होतं. आणि आपल्यावर परत नंबर येऊ नये म्हणून हीच सायामा सगळ्यात पुढं पळते. मला त्या खिळ्याच्या सीनला काही झालं नाही, कसाईगल्लीतून रोज जातो मी, पण ही पोरगी पडद्यावर आली की पोटात गोळा यायचा, कारण असलं माणूस मी बघितलंय, तुम्हीपण बघितलं असणार, आठवा जरा वर्गात कोण होतं ते.

कॅमेरावाला आइबा. तुम्हाला वाटलं हा हीरो, हा तिला सांभाळून घेणार, दिग्दर्शकानं मुद्दाम तसंच वाटू दिलंय. आणि शेवटाकडं कळतं की घर जळत होतं तेव्हा त्यानं फोटो काढलेत. का निघाला तसा म्हणता? अरे तो पहिल्यापासून तसाच होता. सारखा कॅमेऱ्यातून बघत असतो तो, पहिला अर्धा तास परत लावून बघा. दुसऱ्याचं दुःख फ्रेममधे छान दिसतं असं वाटणारा माणूस आहे तो. आता पूल, पूर, अपघात काही असलं की मोबाईल वर करून उभी राहणारी आपली जनता बघितली की मला हाच आठवतो. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाकडं जाऊन सेल्फी काढणारे मी माझ्या डोळ्यांनी बघितलेत, त्यांच्या मागं अख्ख्या पेठा पाण्यात.

नावाचं पण एक सांगतो, ग्रुपवर टाका, भाव खाता येईल. मिसुमिसो हे एका बारक्या रानफुलाचं नाव, मिसुमि म्हणजे तीन कोपरे, पानाला तीन टोकं असतात म्हणून. थंडी संपता संपता बर्फातून डोकं वर काढतं ते. मूळ गोष्ट रेन्सुके ओशिकिरी यांच्या चित्रकथेची, म्हणजे मांगा, पिक्चर एइसुके नाइतो यांचा, आणि हारुकाचं काम आन्ना यामादा या पोरीनं केलंय, अर्धा पिक्चर एक शब्द न बोलता नुसत्या डोळ्यांवर खाल्लाय तिनं.

जपानी भूत नेहमी पोरगीच का असते हो? पांढरे कपडे, केस तोंडावर. आमच्याकडे कसं मुंजा, वेताळ, खवीस, समंध, व्हरायटी आहे. त्यांच्याकडे एकच मॉडेल दिसतंय.
— गृहिणी, तासगाव

ताई, पत्र वाचून दुकानात एकटाच हसलो. एकच मॉडेल नाही, पण एका मॉडेलचा खप जास्त हे खरं.

पांढरे कपडे म्हणजे तिकडं मेलेल्या माणसाला पांढरा किमोनो घालायची जुनी रीत. केस मोकळे कारण पूर्वी बायका केस बांधूनच असायच्या, मोकळे म्हणजे एकतर मेलेली नाहीतर भान सुटलेली. आणि हा सगळा अवतार सिनेमानं नाही, नाटकानं पक्का केला. १८२५ साली एडोमधे, म्हणजे आत्ताच्या टोकियोत, ओइवाच्या भुताचं काबुकी नाटक आलं. नवऱ्याला दुसरं लग्न करायचंय, बायकोला औषध म्हणून विष येतं, तिचा चेहरा बिघडतो, ती केस विंचरायला बसते आणि फणीबरोबर केसांचे पुंजके निघून येतात. दोनशे वर्षं झाली, अजून त्या एका विंचरण्याच्या सीनला थिएटर गप्प होतं म्हणतात. अजूनही ते नाटक करायच्या आधी नटमंडळी ओइवाच्या देवळात पाया पडून येतात. आपल्या सांगलीत नारळ फोडल्याशिवाय तिसरी घंटा होत नाही, तसंच. नाट्यपंढरीचं आहोत म्हणून हिशोब सांगतो, विष्णुदास भाव्यांनी इथं १८४३ ला पहिला खेळ केला त्याच्या अठरा वर्षं आधी तिकडं ही बाई स्टेजवर केस विंचरत होती.

पुढं १९९८ ला हिदेओ नाकाताचा ‘रिंगू’ आला आणि तीच बाई टीव्हीतून बाहेर आली. तिची ती मोडल्यासारखी चाल आहे ना, ती नटीला उलटं चालायला लावून फिल्म उलटी फिरवून केलेली आहे. माझ्या लायब्ररीत आधी २००२ चा इंग्रजीवाला चालला, मग कॉलेजची पोरं म्हणायला लागली काका ओरिजिनल आणा. आणला. एका पोरानं दुसऱ्या दिवशी सीडी परत दिली आणि वर म्हणतो, काका घरात टीव्हीवर चादर टाकून झोपलो.

पण तुमच्या प्रश्नातली खरी गंमत वेगळीच आहे. आपला मुंजा का राहतो पिंपळावर? लग्न व्हायचं राहिलं म्हणून. आपली बरीचशी भुतं इच्छा राहिल्याची. त्यांच्याकडं ओन्र्यो म्हणतात ती भुतं अन्यायाची. हयातीत ज्याचं कुणी ऐकून घेतलं नाही ते मेल्यावर ऐकवायला येतं. मराठीत याला चांगला खणखणीत शब्द आहे, तळतळाट. आजी म्हणायची ना, कुणाचा तळतळाट घेऊ नको. आपल्याकडं तळतळाट नुसता लागतो, त्यांच्याकडं तो केस मोकळे सोडून जिना उतरतो एवढाच फरक.

आणि बाईच का? कारण ज्यांचं ऐकून घेतलं जायचं नाही त्यात बायका पहिल्या. पण पुरुषपण आहेत बरं का. मिचिझाने नावाचा एक मोठा विद्वान दरबारी होता, खोटे आरोप करून त्याला लांब पाठवला, ९०३ साली तिथंच वारला. मग राजधानीत एकामागून एक माणसं मरायला लागली, ९३० ला राजवाड्यावर वीज पडली, सगळे म्हणाले हा मिचिझानेच. शेवटी देऊळ बांधून देव केला त्याला. आज तो विद्येचा देव आहे, परीक्षेच्या आधी लाखो पोरं त्याच्या देवळात जाऊन मार्क मागतात. म्हणजे ज्याचा छळ झाला त्याच्याच पाया पडून पोरं पास व्हायचं बघतात, आणि त्याच पोरांच्या वर्गात... जाऊदे, पुढच्या पत्रात येतंयच.

एकतीस वर्षे मराठी शिकवले. असल्या प्रत्येक पिक्चरमध्ये शिक्षक एकतर आंधळा नाहीतर पळपुटा दाखवतात याचा संताप येतो. वर्गात साठ पोरं, वर निवडणूक, सर्वेक्षण, खिचडीचा हिशोब. आम्ही काय प्रत्येकाच्या मनात डोकवायचे का?
— निवृत्त शिक्षक, जत तालुका

सर, निम्मं पटलं. खिचडीच्या तांदळाचा हिशोब लावणाऱ्या माणसाकडून मनं वाचायची अपेक्षा करणं हे अतीच. तुम्ही रागावलाय ते बरोबरच आहे, पण राग पिक्चरवर काढू नका, कारण पिक्चरवाल्यांनी हे हवेतून नाही काढलेलं.

जपानमधे या छळाला इजिमे म्हणतात. १९८५ ला टोकियोत एका शाळेत पोरांनी जिवंत मुलाची अंत्ययात्रा खेळली. त्याच्या बाकावर फुलं ठेवली आणि निरोपाचं कार्ड केलं, जवळपास सगळ्या वर्गानं सह्या केल्या. तुम्हाला अंदाज येईल म्हणून सांगतो, वर्गातलं कुणी वारलं की तिकडं त्याच्या बाकावर फुलदाणी ठेवतात. म्हणजे हे आपल्याकडं जित्याजागत्या पोराच्या फोटोला हार घालून पुढं उदबत्ती लावल्यासारखं झालं. आता ऐका सर, त्या कार्डावर काही शिक्षकांच्यापण सह्या होत्या. त्यांना ती गंमत वाटली. त्या पोरानं पुढं काही महिन्यांत जीव दिला. तुम्ही जपानी शाळेवरचा कुठलाही पिक्चर बघा, बाकावर एकटी फुलदाणी दिसली की समजायचं, तिथल्या प्रेक्षकाला सांगावं लागत नाही.

दुसरी घटना २०११ ची, ओत्सु शहरातली, तेरा वर्षांच्या मुलानं असाच जीव दिला. शाळेनं नंतर पोरांकडून कागदावर लिहून घेतलं तर पोरांनी सगळं लिहून दिलं होतं. वरच्या लोकांनी ते कागद दाबले. पुढच्या वर्षी बिंग फुटलं, पोलीस शाळेत आणि शिक्षण मंडळात घुसले, देशभर बोंब झाली आणि २०१३ ला इजिमेविरुद्ध वेगळा कायदाच आला. आता तिथं शाळांना नोंद करावीच लागते, वर्षाला ७ लाखांच्या वर प्रकरणं नोंदली जातात. आकडा ऐकून दचकू नका, त्यात चिडवण्यापासून सगळं धरतात, आणि मला तर वाटतं नोंदवही भरलेली शाळा कोऱ्या नोंदवहीच्या शाळेपेक्षा परवडली.

आपल्याकडंपण १९९९ पासून महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, पण लोकांच्या डोक्यात रॅगिंग म्हणजे इंजिनियरिंगचं हॉस्टेल. आठवीच्या वर्गात जे चालतं त्याला आपण ‘पोरं आहेत, चालायचंच’ असं म्हणतो.

आणि शिक्षकाच्या बाजूनं पिक्चर पाहिजे असेल तर २०१० चा ‘कोकुहाकु’ बघा, म्हणजे कबुली. कानाए मिनातो यांच्या कादंबरीवरून. बाईंच्या मुलीला त्यांच्याच वर्गातल्या दोन पोरांनी मारलंय, पोरं चौदाच्या आतली, तिथल्या कायद्यानं चौदाच्या आत शिक्षा नाही. बाई शेवटच्या दिवशी फळ्यापुढं उभं राहून अगदी शांत आवाजात सगळं सांगतात, पोरं दुधाचे डबे पिऊन गोंगाट करतायत, आणि मग त्या सांगतात की दोन डब्यांत मी काय मिसळलं होतं. पहिला अर्धा तास जवळपास नुसतं हेच भाषण. तुम्ही एकतीस वर्षं वर्ग शांत करायला घसा फोडलाय ना, तो वर्ग कसा शांत होतो बघा. मात्र बाईंचं अनुकरण करू नका, निवृत्त झालाय तेच बरं.

आमच्या पीजीत मुली कोक्कुरी सान खेळतात, मांगात बघून. नाणं आपोआप सरकतं. खरं असतं का?
— नर्सिंगची विद्यार्थिनी, मिरज

नाही. तुमच्या आईच्या वेळी वाटी फिरायची, प्लँचेट म्हणायचे, तिकडं दहा येनचं नाणं फिरतं, त्याच्याही आधी टेबल फिरायचं. सगळ्यांची बोटं नाण्यावर असली की प्रत्येकजण नकळत जरासं ढकलतो आणि प्रत्येकाला वाटतं दुसरा ढकलतोय नाहीतर भूत. डोळे बांधून आणि खालचा कागद गुपचूप फिरवून खेळा, भुताला एक अक्षर वाचता येणार नाही. परीक्षेत काय येणार ते विचारू नका त्याला, सिलॅबस बघा.

एक मात्र लक्ष ठेवा. या खेळात भूत एखादीचं नाव घेतं, ‘हिच्यामुळं सगळं होतंय’ असं, आणि मग तिच्याशी कुणी बोलत नाही. असं झालं तर नाणं कुणी ढकललं ते शोधा.

काका, माझा मुलगा आठवीत आहे. रात्री चादरीत मोबाईल घेऊन हे जपानी, कोरियन बदल्याचे पिक्चर बघतो, तेच तेच सीन परत लावतो. परवा मी मागे उभी होते ते त्याला कळलं नाही, एका सीनला म्हणाला “बरं झालं, अजून मारायला पाहिजे होतं”. आवाज वेगळाच होता. एरवी झुरळ मारत नाही. मिस्टर म्हणतात वय आहे, जाईल. मोबाईल काढून घेऊ का?
— एक आई, विश्रामबाग, सांगली

ताई, तुमचं पत्र सगळ्यात आधी आलेलं, उत्तर शेवटी लिहितोय कारण तीन वेळा लिहून खोडलं.

मोबाईल लगेच काढून घेऊ नका. हे पिक्चर त्याच्या वयाचे नाहीत हे खरं, ‘कोकुहाकु’ जपानमधेपण पंधराच्या आतल्या पोरांना थिएटरात बघता येत नव्हता, आणि ते त्याला सांगायचंच आहे. पण आज काढून घेतला तर पोरगं एवढंच शिकेल की आईला काही कळलं की आपली वस्तू जाते, आणि पुढचं काही तुम्हाला कळणार नाही. दुकानात बारा वर्षं पोरं बघितली मी. हॉरर नेणारी पोरं दोन जातीची. एक चौघं मिळून येणार, आरडाओरडा करत नेणार, अर्धा पिक्चर बघून परत आणणार. दुसरा एकटा येतो, एकच सीडी तीन वेळा नेतो. त्या दुसऱ्याला मी कधी काही विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं असं आता वाटतं, आणि त्याला कारण आहे.

मी आठवीत होतो तेव्हा, सन ८७, आमच्या वर्गात एक पोरगा एसटीनं यायचा गावाकडून. घरी हळदीचं काम, हळद शिजवून वाळवून घोळायची, त्यामुळं त्याचे तळहात आणि नखं कायम पिवळी. आम्ही त्याचं नाव कावीळ ठेवलं. वर्गाबाहेर चपला काढायची पद्धत होती. पावसाळ्यात कधीतरी कुणीतरी त्याच्या चपला लपवल्या, सगळे हसले, मग ते रोजचंच झालं. शाळा सुटली की तो दारात उभा राहून खाली बघायचा, इकडं बघायचा, तिकडं बघायचा, आणि मग एसटी चुकेल म्हणून तसाच चिखलातून अनवाणी स्टँडकडं पळायचा. कुणी त्याला कधी मारलं नाही, शिवी दिली नाही. मी तर चपलेला हातपण लावला नाही कधी. मी तिसऱ्या बाकावर बसायचो, तिथून खिडकीतनं पाण्याची टाकी दिसायची आणि चपला टाकीमागं असायच्या हे मला रोज माहीत असायचं. नववीला तो शाळेत आला नाही. कुणी विचारलंपण नाही कुठं गेला.

२००६ साली एक माणूस दुकानात आला, मेंबर व्हायचं म्हणाला. रजिस्टर पुढं सरकवलं, त्यानं नाव लिहिलं, मी नाव वाचलं आणि बोटांकडं बघितलं. पिवळी नव्हती. त्यानं भुताचाच पिक्चर नेला, हिंदीत डब केलेला. एक दिवस उशिरा परत आणला. मी म्हणलं राहूदे लेट फी, आपण एका वर्गात होतो. तर म्हणाला, “मला माहितंय.” मग जरा थांबून म्हणाला, “टाकीमागंच असायच्या ना? रोज कळायचं मला. पण काढायला गेलो असतो तर तुम्ही सगळे बघत उभे असायचा.” आणि दहाची नोट काउंटरवर ठेवून गेला. परत आला नाही. मी तेव्हा काय बोललो म्हणाल तर काही नाही, नोट गल्ल्यात टाकली, पुढं गिऱ्हाईक उभं होतं.

म्हणून म्हणतो ताई, पोरगं ‘अजून मारायला पाहिजे होतं’ असं म्हणतं तेव्हा त्याला खून करायचाय असं समजून घाबरू नका, पण वय आहे जाईल असंपण म्हणू नका. मिस्टरांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की वय जातं, त्या वयात झालेलं जात नाही. तो पिक्चर कुणाच्या जागी बसून बघतोय तेवढं काढा शोधून. कदाचित त्याचाच नंबर लागलेला असेल. कदाचित तो माझ्यासारखा तिसऱ्या बाकावर असेल. आणि वाईट वाटून घेऊ नका, पण कदाचित चपला लपवणाऱ्यातपण असेल, तेही पोरांना झोपू देत नाही कधीकधी.

थेट ‘तुला कोण त्रास देतं’ असं विचारू नका, ‘कुणी नाही’ असंच उत्तर येणार. वस्तूंकडं बघा. पाण्याची बाटली भरलेली परत येते का? शाळेतनं आल्याआल्या दप्तर टाकून आधी बाथरूमला पळतो का? ज्या पोराला त्रास असतो ते शाळेत संडासाला जायचं टाळतं, त्यासाठी पाणीच पीत नाही, कारण सगळ्या शाळेत तीच एक जागा जिथं मास्तर येत नाही. जपानमधे शाळेतलं सगळ्यात गाजलेलं भूत कुठलं माहितंय? हानाको सान, मुलींच्या संडासात राहणारी, तिसऱ्या मजल्यावर तिसरं दार. भूत तिथंच का निघालं ते मला कुणी सांगायची गरज नाही. डबा रिकामा येतो पण भूक तशीच आहे का, कंपासपेटी महिन्यात दोनदा हरवते का, मधल्या सुट्टीत कुठं बसतो, रिक्षात कुणाच्या शेजारी बसत नाही, असलं विचारा, तेही जेवताना, दुसरं काहीतरी बोलता बोलता. आणि एकदा त्याच्या शेजारी बसून तो पिक्चर बघा. डोळे मिटावेसे वाटले तर मिटा, पण उठू नका. त्याला म्हणा मला ही पोरगी कळली नाही, समजावून सांग. माझ्या अनुभवात पोरं स्वतःचं सांगत नाहीत पण पिक्चरमधल्याचं तासभर सांगतात, आणि त्यात स्वतःचं येतंच.

काही निघालं तर समोरच्या पोराच्या दारात भांडायला जाऊ नका, दुसऱ्या दिवशी त्याचे पैसे तुमचं पोरगं फेडतं. वहीत तारीख घालून लिहायला सुरुवात करा, काय झालं, कुठं झालं, कोण होतं. वर्गशिक्षकांना भेटा आणि मुख्याध्यापकांना लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का मारून, तोंडी सांगितलेलं शाळेत वाऱ्यावर जातं. शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती, म्हणजे पोरांच्या सुरक्षिततेसाठीची समिती, असायला लागते, तिच्यात कोण आहे ते विचारा. १०९८ हा मुलांसाठीचा फोन आहे, फुकट आणि चोवीस तास, तो नंबर पोरालापण माहीत पाहिजे. तो फारच गप्प झाला, झोप उडाली, नाहीतर जिवाचं काही बोलला, तर १४४१६ ला, म्हणजे टेलिमानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनला, लगेच लावा, तिथं मराठीत बोलतात.

तुम्ही पत्रात फोन नंबर दिलाय तो मी छापत नाही, अंक छापून येईपर्यंत पंधरा दिवस जातील म्हणून उद्या सकाळी दुकान उघडलं की मीच फोन करतो. त्याच्या आधी आज रात्री दप्तरातली बाटली तेवढी उचलून बघा, किती भरलीय.